वीज, कुरडया आणि मरुतांचं भांडण

वीज कडाडली की आमच्या आजीला दोनच गोष्टी आठवायच्या, एक म्हणजे अर्जुनाची दहा नावं आणि दुसरी म्हणजे गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया. नारायण पेठेतला वाडा, मे महिना, दुपारभर अंगाची नुसती लाही, आणि मग चार-साडेचारला सिंहगडाच्या बाजूने एकदम काळं भरून यायचं. वळीव. आजी "अर्जुन, फाल्गुन, पार्थ, किरीटी..." म्हणत जिना चढायची आणि मधेच, त्याच सुरात, "अगं ती चादर धर चारी कोपऱ्यांनी" असं पण म्हणायची, त्यामुळे मला बरीच वर्षं वाटायचं की चादर हे पण अर्जुनाचंच एखादं नाव असावं.

मग लाइट जायची. ती तर जायचीच, पहिल्या थेंबाआधीच जायची. आणि अंधारात आम्हा चार-पाच पोरांना बसवून भीमरूपी. घोकून पाठ झालेलं, अर्थ वगैरे कोणी विचारला नाही, आम्हीही नाही. "भीमरूपी महारुद्रा वज्रहनुमान मारुती" असं एका दमात, आणि पुढे "प्रभंजना" पर्यंत आलं की श्वास.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे गेल्या उन्हाळ्यात बाबांचं कपाट आवरायला काढलं. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, कपाट तसंच होतं. त्यात वैदिक संशोधन मंडळाने काढलेले ऋग्वेदाचे, सायण या जुन्या भाष्यकाराच्या भाष्यासकट, जाडजूड खंड, हे पुण्यातच 1933 पासून पुढे छापले गेले, एकेक खंड उचलायला दोन हात लागतात. मी काही संस्कृतची पंडित नाही, शाळेत शंभर मार्कांचं संस्कृत होतं आणि नंतर लॉकडाउनमध्ये एक ऑनलाइन क्लास केला तेवढंच. पण बाबांनी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या आणि गंमत म्हणजे बहुतेक खुणा वादळाच्या देवांवर होत्या. मरुत, रुद्र, पर्जन्य. का ते आता विचारता येत नाही. मग म्हटलं बघू तरी काय आहे, आणि रद्दीवाल्याला देण्याचं काम जे बाजूला राहिलं ते अजून राहिलंच आहे.

तर त्या खुणा वाचताना एका रात्री एकदम ट्यूब पेटली. अरे, आपण लहानपणी अंधारात बसून जे म्हणायचो त्या एका ओळीत हे सगळं खानदान आहे की! महारुद्र म्हणजे रुद्र, तो मरुतांचा बाप. वज्र तर सरळ इंद्राचं. मारुती म्हणजे मरुताचा मुलगा. आणि थोडं पुढे प्रभंजन, म्हणजे वादळच. रामदासांनी सतराव्या शतकात लिहिलेली ओळ, देव एकच, पण त्याच्या नावात वेदातली ही सगळी भांडकुदळ मंडळी एका रांगेत शहाण्यासारखी उभी. आणि आजीचं ते अर्जुन-फाल्गुन? शतपथ ब्राह्मणात (ब्राह्मण म्हणजे इथे वेदातल्या यज्ञांचा अर्थ सांगणारे ग्रंथ) चक्क म्हटलंय की अर्जुन हे इंद्राचं गुप्त नाव आहे, आणि फल्गुनी नक्षत्र इंद्राचं म्हणून तिथेच हा विषय निघतो. म्हणजे आजी वीज पडू नये म्हणून वीज टाकणाऱ्यालाच त्याच्या घरगुती नावाने हाक मारत होती. तिला हे माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी तिने आधी कुरडयाच उचलल्या असत्या.

आता भांडकुदळ का म्हटलं ते सांगते.

ऋग्वेदात सूक्तं, म्हणजे स्तोत्रं, 1028. त्यात इंद्राची अडीचशेच्या आसपास, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा एकट्याचा. मरुतांची स्वतंत्र तीसेक. रुद्राला फक्त त्याची म्हणावीत अशी जेमतेम 3. पर्जन्यालाही 3. नुसत्या आकड्यांवरूनच घरातली उतरंड कळते, कोण कर्ता, कोण पोरं आणि कोणाचं नाव जरा जपून घ्यायचं.

मरुत हा माझा सगळ्यात आवडता प्रकार. हा एक देव नाहीच, टोळी आहे. गण. किती जण यावर एकमत नाही, कुठे तीन वेळा सात, कुठे तीन वेळा साठ, पुराणात जाऊन 49 वर स्थिर झाले. आई पृश्नी, म्हणजे ठिपक्याठिपक्यांची गाय, म्हणजे ढग असणार बहुतेक. बाप रुद्र. आणि यांच्यात, ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात (मंडल म्हणजे भाग, असे दहा) म्हटलंय तसं, कोणी थोरला नाही आणि कोणी धाकटा नाही, "अज्येष्ठासो अकनिष्ठास", सगळे बरोबरीचे भाऊ. कोणी एकट्याने येत नाही, कोणाला वेगळं नावसुद्धा नाही. खांद्यावर भाले, पायात तोडे, छातीवर सोनं, रथाला ठिपक्यांच्या घोड्या, आणि येतात ते गात आणि गर्जत. ते चालायला लागले की पृथ्वी म्हाताऱ्या गावधन्यासारखी भीतीने थरथरते असं पहिल्या मंडलात आहे. ही उपमा वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं आणि हसत बसले, कारण लक्ष्मी रोडवर विसर्जनाला पन्नास-साठ ढोल एकदम पडले की आमच्या मामाच्या वाड्याच्या खिडक्यांची तावदानं अगदी अशीच थरथरतात, आणि मामाही.

माझी लेक ढोल वाजवते. कॉलेजला आहे, आणि जून संपत आला की संध्याकाळी साडेसहाला तिचा नदीपात्रात सराव सुरू होतो, मग गणपती होईपर्यंत ती घरात फक्त जेवायला आणि फोन चार्ज करायला येते. पांढरा कुर्ता, डोक्याला फेटा, कमरेला ढोल. ते पाचव्या मंडलातलं खांद्यावर हे आणि पायात ते आणि छातीवर ते असं वर्णन मी तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "आई, हे तर आमचं ड्रेसकोडचं मेसेज वाटतंय."

वाटतं खरं. आणि भांडणं पण तशीच.

झालं असं होतं की आदल्या वर्षी विसर्जनाच्या रात्री बेफाम पाऊस आला. नंतरच्या मीटिंगमध्ये पथकाचा प्रमुख, त्याला सगळे दादा म्हणतात, तो बोलून गेला की पाऊस आल्यावर तुम्ही सगळे आडोशाला पळालात, मी एकटा ध्वज धरून चौकात उभा होतो. बास! पोरांचं म्हणणं, आम्ही पळालो नाही, आम्ही ढोलांवर प्लॅस्टिक घालत होतो, ढोलांची पानं भिजली असती तर तुझा ध्वज घेऊन काय केलं असतंस. लेक घरी आली ती दार आपटूनच. मी पडले मध्ये, म्हटलं जाऊ दे गं, तर मलाच ऐकवलं, "तुला नाही कळणार."

मग यंदा बाबांच्या खुणा बघत पहिल्या मंडलातल्या 165व्या सूक्ताशी पोचले आणि म्हटलं, कळतंय की. हे सूक्त म्हणजे सरळ संवाद आहे, नाटकासारखा. इंद्र आणि मरुत समोरासमोर. मरुत विचारतात, काय रे, एवढा मोठा तू आणि एकटाच कुठे निघालास. इंद्राला तेच हवं असतं. तो म्हणतो, हो का, मग अहीला मारायच्या वेळी मला एकट्याला पुढे केलंत तेव्हा तुमचा हा बाणा कुठे होता? "क्व स्या वो मरुतः स्वधासीत्". अही म्हणजे वृत्र, तो पाणी अडवून बसलेला साप, ज्याला मारलं म्हणून नद्या सुटल्या आणि ज्याच्यावर इंद्राची अख्खी प्रतिष्ठा उभी आहे. मरुत म्हणतात, तू पुष्कळ केलंस बाबा, पण आमच्या साथीने केलंस. इंद्र म्हणतो, वृत्राला मी मारलं, माझ्या जोरावर मारलं. मग मरुत जरा नमतं घेतात, तुझ्यासारखा कोणी नाही वगैरे, आणि इंद्र लगेच पाघळतो, म्हणतो तुमच्या स्तुतीने मला फार आनंद झाला. इतका चटकन पाघळतो की हसूच येतं.

पण आठव्या मंडलात नेमकं उलटं सांगितलंय! वृत्राच्या नुसत्या फूत्काराने सगळे देव, जे मित्र म्हणवत होते ते, तुला टाकून पळाले, इंद्रा, तेव्हा तुझी दोस्ती मरुतांशी असू दे. ऐतरेय ब्राह्मणात तर स्पष्टच आहे की बाकी सगळे गेले, मरुत गेले नाहीत. म्हणून सोमयागात माध्यंदिन सवनाला, दुपारच्या वेळी, इंद्राबरोबर मरुतांचा वाटा. मग खरं काय? ते होते की नव्हते? मला आधी वाटलं सायण काहीतरी जुळवून देईल. पण मला हळूहळू असं वाटायला लागलंय की जुळवायची गरजच नाही, दोन्ही बाजू ठेवल्यात कारण दोन्ही बाजूंची माणसं यज्ञात बसलेली असणार. आणि शिवाय स्वतः इंद्र, वृत्राला मारून झाल्यावर, कशाला तरी घाबरून नव्याण्णव नद्या ओलांडून पळत सुटला असं पहिल्या मंडलाच्या 32व्या सूक्तात आहे, कवी विचारतो, अरे तुला असं कोण दिसलं? म्हणजे पळण्याचा विषय निघाला तर तिथे कोणीच धुतल्या तांदळासारखं नाही. हे मी लेकीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हेडफोन काढून ऐकायला लागली.

अजून मजा पुढे आहे, पहिल्या मंडलातल्याच 170व्या सूक्तात. इथे अगस्त्य ऋषी मध्ये सापडतो. यास्काने निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या त्याच्या ग्रंथात, गोष्ट दिली आहे की अगस्त्याने हवि, म्हणजे आहुती, काढला इंद्रासाठी आणि मग त्याला तो मरुतांना द्यावासा वाटला. इंद्र तिथे येऊन रडगाणं गायला लागला, यास्काचा शब्द "परिदेवयांचक्रे" असा आहे, म्हणजे देवांचा राजा वाट्यावरून तक्रार करत बसलाय. सूक्तात तो म्हणतो, आज नाही, उद्याही नाही, कोणाला ठाऊक पुढे काय. अगदी आपल्याकडे रुसलेलं माणूस "राहू दे, मला नकोच" म्हणतं ना, तो सूर. अगस्त्य म्हणतो, इंद्रा, आम्हाला मारायला का उठलायस, मरुत तुझे भाऊच आहेत ना, त्यांच्याशी नीट वाग. मग भावा, मित्र म्हणवतोस आणि आम्हालाच डावलतोस, तुझ्या मनात काय आहे ते कळतंय आम्हाला, असा इंद्राचा टोमणाही आहे. आणि शेवटी अगस्त्याचं ते साधं वाक्य, "इन्द्र त्वं मरुद्भिः सं वदस्व". इंद्रा, मरुतांशी बोल एकदा. आणि पुढच्या सूक्तात अगस्त्य मरुतांची माफी मागतोय, हवि तुमच्यासाठीच तयार होते हो, पण इंद्राला घाबरून बाजूला ठेवले, सांभाळून घ्या. लग्नात मानपान सांभाळणाऱ्या वधूपित्याची आठवण झाली मला, इकडच्या विहिणीला साडी आधी दिली तर तिकडची आत्या रुसते.

ब्राह्मणग्रंथांत मग या नात्याला व्यवस्थेचं रूप आलं, इंद्र म्हणजे क्षत्र, म्हणजे राजसत्ता, आणि मरुत म्हणजे देवांचे विश्, म्हणजे प्रजा, शेतकरी-गुराखी साधी माणसं. राजाला प्रजेचा वाटा हवा असतो आणि प्रजा बिथरलेली नको असते. आणि पुराणांत तर मरुतांचं पारच खाली आलं. दितीच्या पोटातल्या गर्भाचे इंद्राने वज्राने आधी सात आणि मग सातांचे सात तुकडे केले, ते रडायला लागले तर म्हणाला "मा रुदः", रडू नका, म्हणून मरुत. बाप बदलला, कश्यप झाला. गंमत अशी की शतपथात रुद्राचं नाव तो रडला म्हणून रुद्र असं सांगितलंय. बाप रडका म्हणून एक नाव आणि पोरांना रडू नका म्हटलं म्हणून दुसरं. व्युत्पत्ती म्हणून हे दोन्ही किती टिकतील ते सोडा, पण ज्याने कोणी हे जुळवलं त्याला घरातलं सगळं माहीत होतं.

आता बाप. रुद्र.

आमच्याकडे श्रावणी सोमवारी बाबा एकादष्णी करायचे, म्हणजे रुद्र या स्तोत्राची अकरा आवर्तनं (अशा अकरा झाल्या की लघुरुद्र, म्हणजे 121, त्याला ब्राह्मण लागायचे आणि खर्च, म्हणून तो मुंजीतच एकदा झाला). मधेमधे बाबा पळीतल्या पाण्याला बोट लावायचे. मला वाटायचं पोथीचं पान उलटायला बोट ओलं करतायत, पण पोथी तर त्यांच्यासमोर नसायचीच, पाठ होतं. पुढे कळलं, रुद्राचं कर्म झालं की पाण्याला स्पर्श करायचा असतो. शांत व्हायला. ऐतरेय ब्राह्मण तर म्हणतं की "आ ते पितर्मरुतां" ही ऋचा म्हणताना रुद्र असं न म्हणता रुद्रिय म्हणा, तेवढाच त्या नावाचा ताप कमी. देवाचं नाव घ्यायला माणसं कचरतायत आणि तोच देव ऋग्वेदात गृत्समद ऋषीच्या सूक्तात वैद्यांतला सगळ्यात मोठा वैद्य, हातात थंडावा देणारं औषध असलेला. तिथली एक ओळ बाबांनी दोनदा अधोरेखित केली होती. रुद्रा, आमच्या नमस्काराने तुला राग न येवो, चुकीच्या स्तुतीने न येवो, आणि "मा सहूती", दुसऱ्या कोणाबरोबर तुला बोलावलं म्हणूनही न येवो. नमस्काराचा पण राग येऊ शकतो! दुसऱ्या देवाच्या पंगतीला बसवलं तरी येऊ शकतो! असा एक काका प्रत्येक घरात असतो. बोलावलं नाही तर रागावेल आणि बोलावलं तर कोणाशेजारी बसवायचं हा प्रश्न. आमच्याकडेही होते, आणि पोरांना ताप आला की मध्यरात्री रिक्षा शोधून आणणारेही तेच होते.

रुद्राच्या पंगतीचा प्रश्न ब्राह्मणग्रंथांनी कसा सोडवला तेही वाचण्यासारखं आहे. शतपथात गोष्ट आहे की देव यज्ञ करून स्वर्गात गेले आणि याला इथेच विसरले. मागे वास्तूत राहिला म्हणून वास्तव्य. तो शस्त्र उगारून उत्तरेकडून आला, तेव्हा देव म्हणाले, मारू नकोस, तुझाही वाटा काढतो, आणि त्याला यज्ञात शेवटी उरलेल्याचा भाग मिळाला. दक्षाच्या यज्ञाची जी गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो तिचं मूळ मला तरी इथेच दिसतं. चातुर्मास्य यज्ञातल्या त्र्यंबक होमात तर त्याचा वाटा गावाबाहेर, चव्हाट्यावर. हा घे तुझा भाग, तुझी बहीण अंबिका हिच्यासकट, हा उंदीर तुझा पशू, आता मूजवत पर्वताच्या पलीकडे जा. अंबिका बहीण! आणि "आखुस्ते पशुः", उंदीर रुद्राचा. तो पुढे मुलाकडे गेला, आणि आता त्या मुलापुढे वाजवायला माझी लेक नदीपात्रात जाते. "गणानां त्वा गणपतिं" हे मुळात ब्रह्मणस्पती या दुसऱ्याच वैदिक देवाला उद्देशून आहे, आणि रुद्र स्तोत्रातसुद्धा "गणेभ्यो गणपतिभ्यश्च" असे गण नि गणपती दोघांनाही नमस्कार आहेत. नुसता प्रमुखाला नाही. दादाला हे कोणीतरी सांगायला पाहिजे.

वायूचं थोडक्यात सांगते कारण त्याचं फारसं भांडण नाही, सोमाचा पहिला घोट त्याचा, शर्यत लागली ती त्याने जिंकली, इंद्र मागून धावत येऊन अर्धं अर्धं म्हणाला आणि शेवटी घासाघीस करून चौथ्या हिश्श्यावर तयार झाला. मंडईत रोज होते तशी. पर्जन्य मात्र बिचारा सभ्य. कोणाशी वाद नाही, पृथ्वी आई आणि पर्जन्य बाप एवढं अथर्ववेदात म्हटलं की झालं, आणि वसिष्ठाच्या बेडकांच्या सूक्तात त्याच्या येण्याने बेडूक वर्षभराचं मौन सोडून ब्राह्मणांसारखे बोलायला लागतात. पण टिकला बघा तोच. इंद्राचं आता देऊळ शोधावं लागतं, आणि पर्जन्य पर्जन्यमान होऊन रोज पेपरात येतो. शिवाजीनगरला ज्या स्टॉपला आपण सिमला ऑफिस म्हणतो तिथे, 1928 साली सिमल्याहून हवामान खातं आलं तेव्हापासून, त्याचं मोजमाप चालू आहे. मरुतही टिकले म्हणा, एकवचनात. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती, भिकारदास मारुती, पुण्यात दर दोन गल्ल्यांत एक. आणि त्याच्या लहानपणीच्या गोष्टीतही इंद्र वज्र मारतोच, हनुवटीवर. जुनी सवय.

यंदा मृग कोरडा गेला. मृगाचंही यांच्याशी नातं आहे, प्रजापतीला बाण मारणारा रुद्र आकाशात मृगव्याध झाला आणि प्रजापती मृग, ऐतरेयात आहे, आणि याच मृगावरून टिळकांनी वेदांचा काळ काढायचा म्हणून 1893 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. सात-आठ जूनला मृग लागतो, लोक आभाळाकडे बघतात, आणि पुढचं नक्षत्र आर्द्रा. तिची देवता रुद्र. नावाचा अर्थच ओली. पंचांगात हे दरवर्षी छापलेलं असतं, मी चाळिशी ओलांडल्यावर वाचलं.

आर्द्रा लागल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पाचला अंधारून आलं. लेक ढोलाला ताण देत बसली होती, ती उठली. मी म्हटलं, या पावसात कुठे, वीज बघ कशी होतेय. तेवढ्यात तिचा फोन वाजला, पथकाच्या ग्रुपवर दादाचा मेसेज, सरावाला सगळ्यांनी या, पाऊस असला तरी या, ढोल झाकायला मी मोठी ताडपत्री घेऊन येतोय. तिने तो मला दाखवला. काही बोलली नाही, पण दाखवला. मग कपाटातून मोठं प्लॅस्टिक काढून ढोलाला गुंडाळलं आणि जिन्यातून खाली जाताना ओरडली, "आई, गच्चीवरच्या कुरडया!"